न दुखणारा गुडघा

"दुखलं तरी चालेल, पण मला लंगडू देऊ नका."

बहरीनमध्ये, मुहर्रकच्या त्या घरी पहिल्या दिवशी गेले तेव्हा पेशंटनं मला असं बजावलं. मी फिजिओथेरपिस्ट. माणसं मला नेहमी उलटं सांगतात, चालणं कसंही होऊ दे, हे दुखणं तेवढं थांबवा. चालताना आपण कसे दिसतो याची काळजी करणारे पेशंट म्हणजे लग्न ठरलेल्या मुली आणि नव्यानं मॅनेजर झालेले पुरुष. हे गृहस्थ तर नव्वदीला टेकलेले स्कॉटिश आजोबा. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, आमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालेलं, आणि आता त्यांच्या घरी जाऊन त्यांना चालवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मुलगी इथल्या शाळेत शिकवते, ते तिच्याकडे राहतात. उमेदीच्या काळात तेही इथंच इंजिनियर होते. मी सिस्टर नाही हे दहादा सांगूनही ते मला अजून सिस्टरच म्हणतात.

त्यांनी मला जी गोष्ट सांगितली ती त्यांच्या वडिलांची. पण ती ऐकली नसती तर माझ्या वडिलांनी ऐन तरुणपणी बहरीन का सोडलं, हे मला कधी कळलं नसतं. आईला तर ते कळलंच नाही.

पेशंट म्हणून आजोबा हट्टी होते. मीही काही गरीब गाय नाही. घराच्या मधल्या अंगणात मी त्यांना फेऱ्या मारायला लावायची, डोक्यावरून विमान उतरायला आलं की ते थांबायचे आणि विमानाचं निमित्त करून भिंतीला टेकायचे. मी म्हणायची, "सर, विमान पायलट उतरवतोय, तुम्ही चाला." ते हसायचे आणि चालायचे. पाऊल जरा जरी ओढलं गेलं तरी स्वतःच मागे जायचे आणि फेरी पुन्हा सुरू करायचे. एकदा ते घामाघूम झाले, तेव्हा मला राग आला. म्हटलं, "या वयात थोडं लंगडलात तर काय आकाश कोसळणार आहे?"

ते खुर्चीत बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "माझे वडील जन्मभर लंगडले, सिस्टर. आणि त्यांच्या गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं."

त्यांचे वडील कोळशाच्या खाणीच्या गावातले. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. गावातली पोरं शाळा सुटली की खाणीत उतरायची आणि शनिवारी दुपारी वर येऊन फुटबॉल खेळायची. हा मुलगा डावखुरा, अंगानं किरकोळ, पण डाव्या कडेनं असा पळायचा की अडवायला आलेला माणूस आधी चिखलात बसायचा आणि मग बॉल कुठे गेला ते शोधायचा. गावच्या टीममधून एका मोठ्या क्लबनं त्याला उचललं. आता तो धंदेवाईक खेळाडू झाला. म्हणजे फार काही बंगला-गाडी नाही. बूट खाकी कागदात गुंडाळून तो ट्रामनं ग्राऊंडवर जायचा, आणि ट्राममध्ये शेजारी बसलेली माणसंच थोड्या वेळानं त्याच्या नावानं ओरडायची. उन्हाळ्यात खेळ बंद, की पुन्हा खाण. बॉल चामड्याचा, पावसात पाणी पिऊन विटेसारखा जड व्हायचा. त्याच्या शिवणीवर आवळलेल्या नाडीवर डोकं आपटलं की कपाळ फुटायचं. "कपाळावरचा व्रण खरा होता," आजोबा म्हणाले.

तीन-चार वर्षं चांगली गेली. गावच्या चर्चमध्ये लग्न झालं तेव्हा आत मावली नाहीत इतकी माणसं आली, आणि त्यातली निम्मी नवऱ्याचा डावा पाय बघायला आली होती असं आजोबांची आई म्हणायची. मग एका इंग्लिश क्लबचा माणूस घरी आला. आईनं लग्नातले कप काढले. माणसानं चहा घेतला, केकचं कौतुक केलं आणि सांगितलं, इकडे या. पगार जवळजवळ दुप्पट, वर राहायला घर, आणि घरात न्हाणीघर. तो गेला आणि आई मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या घराच्या पडद्यांची मापं काढत बसली.

पण त्याचा जुना क्लब त्याला सोडायला तयार होईना. तेव्हा फुटबॉलचा नियम असा होता की हंगाम संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचा. क्लबनं एकदा "हा आमचा" म्हणून नाव राखून ठेवलं की त्याला दुसरीकडे खेळता यायचं नाही. आपल्याकडे खेळवलं नाही तरी, पगार परवडला नाही म्हणून त्यानं सही केली नाही तरी, तो त्यांचाच. क्लबनं इंग्लिश क्लबकडे अवाच्या सवा किंमत मागितली. तो माणूस पुन्हा चहाला आला नाही. वर यालाच जायची घाई म्हणून साहेबलोक नाराज. त्याला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, मग तिथूनही काढलं, मग कमी पगारावर सही कर म्हणाले. त्यानं केली नाही. तर त्यांनी त्याला सोडलंही नाही. शनिवारी दुपारी मॅच सुरू व्हायची आणि हा घरी बसून राहायचा. असे हंगाम गेले. डाव्या कडेनं पळायची वर्षं किती असतात माणसाकडे?

हे ऐकताना मला काही समजावून सांगावं लागलं नाही. इथल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. पूर्वी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर मालकाचं रिलीज लागायचं, आणि ते देणं न देणं त्याच्या मर्जीवर. आता कायदे बदललेत, पण रिलीज हा शब्द ऐकला की आमच्या गुदैबिया भागातल्या चहाच्या टेबलावर अजून चार जण गप्प होतात.

शेवटी तो पुन्हा खाणीत उतरला. आणि गावात सांगितलं, गुडघा गेला.

"कारण खेळात मोडलेल्या माणसाला आमच्या गावात मान होता," आजोबा म्हणाले. "लोक त्याला बिअर पाजायचे. आणि नको म्हणून कोपऱ्यात टाकलेल्या माणसाला हसायचे."

एकदा गुडघा गेला म्हटल्यावर लंगडणं आलं. तो खाणीत लंगडत गेला, चर्चमध्ये लंगडत गेला, परसात बटाटे काढतानाही लंगडला. दुसरं महायुद्ध आलं आणि गेलं. क्लबमधले ते साहेब मेले, त्याचं नाव राखून ठेवणारं कुणी उरलं नाही, तरी हा लंगडतच राहिला. रोज रात्री शेकोटीपुढे बसून बायको त्याचा गुडघा औषधी तेलानं चोळायची. त्या तेलाचा वास आजोबांना अजून आठवतो. मी धंद्याप्रमाणे विचारलं, इतकी वर्षं खोटं लंगडल्यावर पाठ तरी धड राहिली का? नाही, म्हणाले. शेवटी शेवटी त्यांना खरंच सरळ चालता येईना.

आजोबा बहरीनहून वडिलांच्या दफनाला गेले, तेव्हा एक म्हातारा सहखेळाडू त्यांच्याजवळ आला. आजोबा सहज म्हणाले, गुडघ्यापायी बिचाऱ्यांचा खेळ गेला. तो म्हातारा म्हणाला, "गुडघा? कसला गुडघा?" आणि मग सगळं बाहेर पडलं. आजोबांची आई त्याआधीच गेली होती.

"मला एवढंच कळायला हवं होतं," आजोबा मला म्हणाले, "तिला माहीत होतं का? ती रोज चोळायची ते गुडघ्यासाठी, की त्यांच्यासाठी?"

त्याच हिवाळ्यात माझे पपा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. विमानतळावर ते बाहेर पडले तेव्हा मी कपाळाला हात लावला. खांद्याला कापडी पिशवी, आणि हातात आईची ती जुनी मरून रंगाची सूटकेस, कडक पुठ्ठ्याची, बिनचाकांची.

"पपा, मागच्या सुट्टीत चाकांची बॅग दिली होती ना तुम्हाला?"

"ती चांगली हाय. ठेवलीय."

आमच्या वसईत चांगली वस्तू ही ठेवण्यासाठी असते, त्यामुळे मी पुढे बोलले नाही. सूटकेस उचलली तर हलकी. कपडे आणि सुकेळी सगळं त्या पिशवीत कोंबलेलं. म्हटलं, रिकामी पेटी कशाला नाचवत आणलीत? ते म्हणाले, "असू दे."

त्या सूटकेसची कथा आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मी लहान असताना पपा बहरीनला एका हॉटेलच्या लाँड्रीत होते. वसईला चर्चच्या मैदानावर ते लेफ्ट आउट खेळायचे, इथंही शुक्रवारी खेळायचे. एक दिवस त्यांनी घरी कळवलं, चांगली नोकरी मिळतेय, फॅमिली व्हिसाही मिळेल, तुम्ही दोघी तयारीला लागा. आईनं बाजारातून ही सूटकेस आणली. माझ्यासाठी दोन फ्रॉक शिवले, आळीतल्या सगळ्यांना सांगून झालं. आणि काही आठवड्यांनी पपाच घरी परत आले. का, तर म्हणे करमलं नाही.

मग ते वाडीत राबले. भाजी, केळी, फुलं. आम्ही उपाशी राहिलो नाही, पण आईनं त्यांना कधी माफ केलं नाही. पावसाळ्यात छप्पर गळलं की म्हणायची, "काय करणार, यांना करमलं नाही ना!" माझ्या फीच्या वेळी तेच, शेजारचा गल्फवाला स्लॅब टाकू लागला की तेच. पुढे पुढे ती घरातली म्हणच झाली. कुणी ताटात भात टाकून उठलं तरी आम्ही विचारायचो, काय रे, करमलं नाही का? पपा पण हसायचे. आणि बहरीनचा विषय निघाला की तोंड वाकडं करून म्हणायचे, "वाळू आणि घाम. दुसरं काय हाय तिथं?" सुट्टीवर आलेली माणसं सेंटच्या बाटल्या घेऊन भेटायला आली की पपा मागच्या दारानं वाडीत निघून जायचे. मला इथं नोकरी लागली तेव्हा आळीभर ऐकू जाईल इतकं कुरकुरले.

आई जायच्या आधी मी सुट्टीवर गेले होते. तिला बोलायलाही धाप लागायची. तेव्हा मला म्हणाली, "तुझ्या पपांना करमलं नाही ते ठीक. पण खरं सांगू? त्यांना तिथं मी नको होते." मी तिला गप्प केलं. तिनं मान फिरवली. ती गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती.

तर असे हे बहरीनला नावं ठेवणारे पपा. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबलावर पेपरात गुंडाळलेला गरम खुबूस. तंदुरवाल्या इराण्याची जुनी बेकरी यांनी एकट्यानं शोधून काढली होती. माझी मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "ममा, ग्रँडपा नोज द होल प्लेस!" पपा खुबूसचा तुकडा नाकाशी धरून बसले होते. मला बघून तो पटकन तोंडात टाकला आणि म्हणाले, "पूर्वीसारखा नाय राह्यला."

दिवसभर घरात कंटाळतील म्हणून एका गुरुवारी मी त्यांना आजोबांकडे घेऊन गेले. आधी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, फुटबॉलवाला असेल तर आण. दोघं अंगणात समोरासमोर बसले. पपांचं इंग्रजी हॉटेलच्या लाँड्रीतलं, आजोबांचं स्कॉटलंडचं, ते मलाही निम्मंच कळतं. पण थोड्याच वेळात चहाच्या ट्रेवर बिस्किटं मांडून डावी कड, उजवी कड सुरू झालं. पपा लेफ्ट आउट होते हे कळल्यावर आजोबा खूश झाले. "माझे वडील तिथेच खेळायचे," म्हणाले, आणि मला म्हणाले, "सिस्टर, यांना सगळं सांग."

मी मराठीत सांगत गेले. ट्राम, चामड्याचा बॉल, लग्नातले कप. पपांना मजा वाटत होती. क्लबनं सोडलं नाही तिथं त्यांनी एकदम विचारलं, "रिलीज नाय दिलं?"

"नाही दिलं."

"खेळवलं पण नाय?"

"नाही."

त्यांनी बिस्किटं ट्रेमध्ये सरळ लावायला घेतली. मी पुढे सांगितलं, गुडघा, लंगडणं, बायकोचं तेल चोळणं. पपांनी मान वर केली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "बायकोला माहीत होतं?"

मी आजोबांना विचारलं. आजोबांनी हात पसरले. "देव जाणे."

परतताना पूल ओलांडला तसे पपा म्हणाले, "नईमवरून घे जरा." मी म्हटलं, उलटं पडेल, ट्रॅफिक आहे. "पडू दे. यल्ला." बहरीन सोडून इतकी वर्षं झालेल्या माणसाच्या तोंडात ‘चल’ म्हणणारा तो अरबी शब्द इतका सहज आला की मी मुकाट्यानं गाडी वळवली.

नईममध्ये एका गल्लीत त्यांनी थांबवलं. एसीची कामं करणाऱ्याचं दुकान, एक सलून, दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं लावलेल्या गाड्या. "वरती आमची रूम होती," पपा म्हणाले, "आणि इथं, या गाड्या हायेत ना, इथं सगळी वाळू. शुक्रवारी इथंच खेळायचो." आणि गाडीत बसूनच, समोरच्या सलूनकडे बघत, त्यांनी मला सांगितलं.

एका कंपनीची फुटबॉल टीम होती. त्यांच्या साहेबानं पपांना खेळताना पाहिलं आणि ऑफिसात नोकरी देऊ केली, फॅमिली व्हिसासकट. तेव्हाच त्यांनी घरी कळवलं. हॉटेलच्या मॅनेजरकडे रिलीज मागायला गेले तर तो म्हणाला, तुला मी आणला तो दुसऱ्यांच्या टीममध्ये खेळायला का? पपा तेव्हा तापट होते. त्यांनी कामावर जायचं बंद केलं. वाटलं, कंटाळून देईल. मॅनेजरनं व्हिसा कॅन्सल केला आणि विमानात बसवलं. खलास.

"मग घरी हे का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

"तुला म्हायत नाय तेव्हाचं. अर्ध्यावर व्हिसा कॅन्सल होऊन माणूस परत आला की गाव एकच बोलायचं. हात मारला असणार. तुझ्या आईला सांगितलं असतं तर ती माझ्या बाजूनं चार बायकांत भांडली असती, आणि गावाला कळलं असतं. मग म्हटलं, आळशी तर आळशी. आळशाच्या पोरीला लोक सून करून घेतात. चोराच्या नाय घेत."

आमच्या आळीतली तोंडं मी ओळखते, ते खोटं बोलत नव्हते. तरी मला त्यांचा इतका राग आला, आणि मॅनेजरचा, आणि त्या सगळ्या आळीचा. "पण नंतर? माझं लग्न झाल्यावर? तेव्हा तरी आईला सांगायचं!"

"नंतर सांगायचं तर आधी का नाय सांगितलं ते सांगावं लागतं," पपा म्हणाले. "ते जमलं नाय."

सलूनमधून एक माणूस मानेवर पावडर लावून बाहेर आला आणि आमच्या पुढची गाडी काढून निघून गेला. तेवढीच जागा रिकामी झाली. पपा तिच्याकडे बघत राहिले.

"तुझ्या आईला अंदाज असेल ना गं? बायकांना कळतं. त्या म्हाताऱ्याच्या आईला कळलं असणार, म्हणून तर चोळायची. हिला पण कळलं असेल. बोलायची ती आपली वरवर."

ते माझ्याकडे वळून वाट बघत होते. त्यांना मी इतकं अगतिक कधी पाहिलं नव्हतं. आईनं मान फिरवली होती ती मला दिसत होती, आणि तिचा तो धापेचा आवाज.

"हो पपा," मी म्हटलं. "तिला माहीत होतं. मला म्हणाली होती एकदा."

त्यांनी डोळे मिटले. "बघ," म्हणाले, "मी म्हटलं नाय?" आणि घर येईपर्यंत त्यांनी मला कुठं काय होतं ते दाखवलं, कुठं मासे मिळायचे, कुठं पैसे नसताना चहा मिळायचा. इतकं मोकळं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. मी गाडी चालवत होते आणि मला आई हवी होती, फक्त एक मिनिट, हे तिला सांगण्यापुरती.

आजोबा आता काठीशिवाय अंगणात चालतात. दमले की पाऊल किंचित ओढलं जातं, तेव्हा माझ्याकडे चोरून बघतात. मी बघितलं नाही असं दाखवते.

पपांचा व्हिसा संपत आला तेव्हा मी त्यांना पुन्हा एक चाकांची बॅग घेतली आणि बजावलं, ही वापरायची, ठेवायची नाही. त्यांनी निमूट भरली. विमानतळाला निघताना मी सूटकेस उचलायला गेले तर ती पलंगाखाली भिंतीपर्यंत सरकवलेली.

"पपा, ही राहिली."

ते दारात चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "राहू दे तिथंच. ती इकडे यायलाच घेतली होती तिनं."